स्टाईलशीट फाइल्स कमी करून वेबसाइटचा वेग वाढवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइटचा वेग तपासणाऱ्या कुठल्याही साधनात पान टाकून बघा. 'रेंडर अडवणाऱ्या फाइल्स' असा शेरा हमखास येतो आणि त्या यादीत सगळ्यात वर स्टाईलशीट असतात, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस फाइल्स. मग शोधाशोध सुरू होते आणि पहिला सल्ला मिळतो: सगळ्या सीएसएस फाइल्स एकत्र करून टाका. सल्ला खोटा नाही, पण तो रूढ झाला तेव्हाचं वेब आज राहिलेलं नाही. आता फाइल्सचा आकडा मोजत बसण्यापेक्षा, वाचकाला पहिला मजकूर दिसेपर्यंत ब्राउझर नेमका कशासाठी खोळंबला आहे हे शोधलं तर जास्त पदरात पडतं. खालची उत्तरं त्याच हिशोबाने लिहिली आहेत.

स्टाईलशीटमुळे पान अडतं म्हणजे नेमकं काय होतं?

ब्राउझर एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ आराखडा, वाचायला लागतो आणि त्याला वरच्या भागात स्टाईलशीटचा लिंक टॅग सापडतो. तो फाइल मागवतो आणि खालचं एचटीएमएल वाचत राहतो, पण पडद्यावर काहीही रंगवत नाही. ती फाइल पूर्ण येऊन तिच्यातले नियम समजून घेईपर्यंत पान कोरंच राहतं. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. नियम हाती नसताना मजकूर रंगवला, तर वाचकाला आधी उघडंबोडकं पान दिसेल आणि क्षणभराने सगळी मांडणी उलटीपालटी होईल.

याच्याइतकाच महत्त्वाचा, पण फारसा कोणी न सांगितलेला दुसरा परिणाम आहे. स्टाईलशीटच्या खाली साधी स्क्रिप्ट असेल तर तीही त्या स्टाईलशीटसाठी थांबते. स्क्रिप्ट एखाद्या घटकाची रुंदी किंवा रंग विचारू शकते आणि सीएसएस आल्याशिवाय त्याचं खरं उत्तर देता येत नाही, म्हणून ब्राउझर ती चालवतच नाही. ती स्क्रिप्ट थांबली की तिच्याखालचं एचटीएमएल वाचणंही थांबतं. एक रेंगाळलेली सीएसएस फाइल अशी अख्खं पान धरून ठेवते.

माझ्या साइटवर किती स्टाईलशीट लोड होतात ते कसं बघायचं?

क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडो उघडा, म्हणजे एक्स्टेन्शनच्या फाइल्स मध्ये लुडबुडणार नाहीत. डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, कॅश (आधी उतरवलेल्या फाइल्सचा साठा) बंद करायच्या चौकोनावर टिक करा, फिल्टरमध्ये सीएसएस निवडा आणि पान रीलोड करा.

यादीतल्या ओळींची संख्या हा तुमचा आकडा. पण तिथे थांबू नका, उजवीकडच्या वॉटरफॉलच्या पट्ट्या बघा. सगळ्या पट्ट्या साधारण एकाच उभ्या रेषेपासून सुरू होत असतील, तर फाइल्स एकदम मागवल्या जात आहेत. पट्ट्या जिन्यासारख्या दिसत असतील, म्हणजे पहिली संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी, तर खरा गुन्हेगार सापडला. 'इनिशिएटर' या रकान्यात ती फाइल कोणी मागवली ते दिसतं. तिथे पानाच्या ऐवजी दुसऱ्या सीएसएस फाइलचं किंवा एखाद्या स्क्रिप्टचं नाव आलं, तर ती फाइल उशिरा सापडली असं समजा.

हे सगळं एकदा वेग कमी करूनही बघा. नेटवर्क टॅबमध्येच थ्रॉटलिंगची सोय असते. ऑफिसच्या जोरदार कनेक्शनवर जो दोष दिसत नाही, तो मोबाइल नेटवर्कवर ठसठशीत दिसतो.

फाइल्स जास्त असल्या की साइट हळू का होते?

फाइल्स पोहोचवायच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एचटीटीपी/१.१ मध्ये, एका कनेक्शनवर एका वेळी एकच फाइल येते, आणि ब्राउझर एका डोमेनशी साधारण ६ कनेक्शन उघडतात. सर्व्हरपर्यंत जाऊन यायला १५० मिलिसेकंद लागतात असं धरा. २० छोट्या फाइल्स असतील तर त्या सहा-सहाच्या चार फेऱ्यांत येणार. म्हणजे ६०० मिलिसेकंद केवळ वाट बघण्यात गेले, मग त्या फाइल्स कितीही लहान असोत. एकच फाइल असती तर १५० मध्ये काम झालं असतं. शिवाय प्रत्येक विनंतीबरोबर कुकी आणि इतर हेडर नव्याने जातात, तो भार वेगळाच.

'सगळं एकत्र करा' हा सल्ला या काळातला आहे. तेव्हा तर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नवव्या आवृत्तीपर्यंत एका पानाला ३१ पेक्षा जास्त स्टाईलशीट जोडल्या की पुढच्या सरळ दुर्लक्षिल्या जायच्या. आणि एकाच फाइलमध्ये सगळं कोंबलं की ४०९५ सिलेक्टरनंतरचे (नियम कोणाला लागू हे सांगणारा भाग म्हणजे सिलेक्टर) नियम लागू होत नसत. दोन्हीकडून कात्री होती.

एचटीटीपी/२ आल्यावर फाइल्स एकत्र करायची गरज उरली आहे का?

उरली आहे, पण पूर्वीइतकी नाही. एचटीटीपी/२ चं मानक २०१५ साली आलं आणि एचटीटीपी/३ चं २०२२ साली. दोन्हींत एकाच कनेक्शनवरून अनेक फाइल्स एकाच वेळी येतात आणि हेडरही आकुंचित होऊन जातात. त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या चार फेऱ्यांचा हिशोब इथे लागू होत नाही. वीस फाइल्स एकाच फेरीत मागवता येतात.

तरीही वीसच्या वीस तशाच ठेवाव्यात असं मी म्हणणार नाही. जीझिप आणि ब्रॉटली हे कॉम्प्रेशन मजकुरातली पुनरावृत्ती हेरून काम करतं. तीच तीच प्रॉपर्टीची नावं वीस फाइल्समध्ये विखुरलेली असतील, तर प्रत्येक फाइलची पाटी नव्याने कोरी होते आणि एकूण आकार वाढतो. शिवाय वीसपैकी एक फाइल जरी अडकली तरी पान अडतंच, कारण ब्राउझरला सगळ्याच हव्या असतात.

उलट टोकाला जाऊन पूर्ण साइटची एकच अवाढव्य फाइल करणंही तितकंच चुकीचं. एका बटणाचा रंग बदलला की नेहमीच्या वाचकालाही ती अख्खी फाइल पुन्हा उतरवावी लागते, आणि साधा लेख वाचायला आलेल्या माणसाच्या माथी चेकआउट पानाचेही नियम मारले जातात. माझ्या मते बहुतेक साइट्सना दोन ते चार फाइल्स पुरतात: सगळीकडे लागणारी एक सामाईक फाइल, आणि त्या त्या प्रकारच्या पानासाठी एखादी वेगळी.

तुमचा सर्व्हर कोणता प्रोटोकॉल वापरतो हे नेटवर्क टॅबमध्ये 'प्रोटोकॉल' हा रकाना चालू केला की दिसतं. अजून एचटीटीपी/१.१ दिसत असेल, तर फाइल्स जोडण्याआधी होस्टिंगवाल्याकडून एचटीटीपी/२ चालू करून घ्या. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

मग सुरुवात कुठून करायची?

आधी नको असलेल्या फाइल्स काढा, मग एकीमागून दुसरी मागवली जाण्याची साखळी तोडा, आणि जोडण्याचं काम सगळ्यात शेवटी करा. बहुतेक जण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, म्हणून तर मेहनत होते आणि वेग मात्र तिथल्या तिथे राहतो. कोणी वापरतच नाही अशी ८० किलोबाइटची स्लायडरची स्टाईलशीट दुसऱ्या फाइलला जोडली, तर फाइल्सचा आकडा एकने उतरतो आणि ते ८० किलोबाइट वाचकाच्या डोक्यावर तसेच राहतात. ती काढली, तर दोन्ही गोष्टी साधतात.

अ‍ॅट-इम्पोर्ट वापरू नका असं सगळे सांगतात. इतकं काय वाईट आहे त्यात?

ही एका सीएसएस फाइलमधून दुसरी मागवणारी ओळ. वॉटरफॉलमधल्या ज्या जिन्याबद्दल वर बोललो, तो बहुतेक वेळा इथेच तयार होतो. ब्राउझरकडे एचटीएमएल पुढे पुढे चाळून लागणाऱ्या फाइल्स आधीच मागवून ठेवणारा एक भाग असतो. त्याला एचटीएमएलमधल्या लिंक दिसतात. सीएसएस फाइलच्या पोटात लिहिलेलं अ‍ॅट-इम्पोर्ट मात्र ती फाइल उतरल्याशिवाय दिसत नाही.

एक उदाहरण घेऊन वेळ मोजू. पानाला मुख्य स्टाईलशीट जोडली आहे. तिच्या पहिल्या ओळीत रंगांच्या फाइलचं इम्पोर्ट आहे, आणि रंगांच्या फाइलमध्ये दुसऱ्या डोमेनवरच्या फॉन्ट स्टाईलशीटचं इम्पोर्ट आहे. एक फेरी १५० मिलिसेकंदांची धरली तर मुख्य फाइलला १५०, मग रंगांच्या फाइलला १५०. त्यानंतर नव्या डोमेनशी आधी टीसीपी कनेक्शन, मग टीएलएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, बोलणी आणि मग विनंती, असे ४५०. एकूण ७५० मिलिसेकंद पान कोरं. यात त्या डोमेनचा पत्ता शोधायचा वेळ मी धरलेलाही नाही.

आता त्याच तीन फाइल्स एचटीएमएलमध्ये तीन लिंक टॅगांनी जोडा. तिन्ही एकदम सापडतात, सगळ्यात लांबलेली ४५० ला येते. फाइल्स तेवढ्याच, तरी ३०० मिलिसेकंद वाचले. आणि फॉन्टची स्टाईलशीट आपल्याच सर्व्हरवर आणून तिन्ही जोडल्या तर १५० मध्ये काम संपतं. साखळी तोडणं आणि फाइल्स जोडणं या दोन कामांतला फरक या हिशोबात स्वच्छ दिसतो.

लिहिताना अ‍ॅट-इम्पोर्ट वापरायला हरकत नाही, फक्त ते बिल्ड करताना, म्हणजे साधनाने अंतिम फाइल्स तयार करताना, सोडवलं गेलं पाहिजे. ब्राउझरपर्यंत पोहोचता कामा नये.

न वापरलेलं सीएसएस कसं शोधायचं?

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'कव्हरेज' नावाचं पॅनल आहे. ते चालू करून पान रीलोड केलं की प्रत्येक फाइलमधले किती बाइट वापरले गेले आणि किती नाहीत हे पट्टीने दाखवतं. फाइलवर क्लिक केलं की ओळीनिशी कळतं. तयार फ्रेमवर्क आणि विकतची थीम असलेल्या साइटवर न वापरलेला भाग निम्म्याहून खूप जास्त निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

पण त्या पट्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवून नियम उडवू नका. कव्हरेज फक्त आतापर्यंत जे घडलं तेवढंच जाणतं. मेन्यू उघडल्यावर लागणारे नियम, फॉर्म चुकल्यावर येणारा लाल संदेश, माऊस नेल्यावर बदलणारा रंग, अरुंद पडद्यासाठीची मांडणी, हे सगळं तुम्ही करून दाखवेपर्यंत त्याच्या लेखी न वापरलेलं असतं. रेकॉर्डिंग चालू ठेवून सगळे मेन्यू उघडा, फॉर्म मुद्दाम चुकीचा भरा, खिडकी लहान-मोठी करा, आणि मगच आकडे वाचा.

पर्जसीएसएससारखी साधनं टेम्प्लेट आणि स्क्रिप्ट वाचून न सापडलेले क्लास आपोआप काढून टाकतात. त्यांची एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. ती अक्षरशः शब्द शोधतात. तुमची स्क्रिप्ट 'अलर्ट' आणि 'लाल' हे दोन तुकडे जोडून क्लासचं नाव बनवत असेल, तर पूर्ण नाव कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं आणि साधन तो नियम बिनदिक्कत कापतं. अशा नावांची सुरक्षित यादी साधनाला आधीच द्यावी लागते.

फाइल्स एकत्र केल्या आणि डिझाइन मोडलं. काय चुकलं असेल?

बहुधा चारपैकी एक गोष्ट चुकलेली असते.

सगळ्यात आधी क्रम बघा. हाकोन व्हिउम ली यांनी १९९४ साली सीएसएसचा प्रस्ताव मांडला तेव्हापासून हेच तत्त्व आहे की नियम अनेक ठिकाणांहून येणार आणि एकमेकांवर चढणार. दोन नियमांचं वजन सारखं असेल तर नंतर आलेला जिंकतो. समजा लायब्ररीच्या फाइलमध्ये बटण निळं आहे आणि तिच्यानंतर येणाऱ्या थीमच्या फाइलमध्ये हिरवं. जोडणाऱ्या साधनाने फाइल्स नावाच्या अकारविल्हे क्रमाने लावल्या आणि लायब्ररी खाली गेली, की बटण निळं झालंच. पानावर लिंक ज्या क्रमाने होत्या, जोडणीतही तोच क्रम हवा. मोठ्या साइटवर अ‍ॅट-लेअर वापरून थरांचा क्रम एकदाच जाहीर करून टाकावा. २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये ते चालतं, आणि मग कुठली फाइल आधी आली याने थरांचा मान बदलत नाही.

चित्रं आणि आयकॉन गायब झाले असतील तर पाथ तपासा. सीएसएसमधला सापेक्ष पत्ता हा पानापासून मोजला जात नाही, त्या सीएसएस फाइलपासून मोजला जातो. स्लायडरच्या फोल्डरमधली फाइल 'एक पायरी वर जाऊन इमेजेस' असा पत्ता सांगत असेल आणि तिचा मजकूर तुम्ही मुळाशी असलेल्या एकत्रित फाइलमध्ये आणला, तर 'एक पायरी वर' आता भलतीकडेच जातं. चांगली बिल्ड साधनं हे पत्ते आपोआप बदलून देतात. नेटवर्क टॅबमध्ये ४०४ च्या (फाइल सापडली नाही) ओळी दिसल्या की हेच कारण.

तिसरं कारण शोधायला सगळ्यात अवघड जातं: न मिटलेला महिरपी कंस. एखाद्या फाइलच्या शेवटी कंस बंद करायचा राहिला असेल, तर ती फाइल एकटी असताना काहीच बिघडत नाही, कारण फाइल संपली की ब्राउझर उघडे कंस स्वतः मिटवून घेतो. तीच फाइल दुसरीला चिकटवली की उघडा कंस पुढच्या फाइलच्या नियमांना गिळतो. वर्षानुवर्षं नीट चाललेली स्टाईलशीट जोडणीनंतर अचानक निकामी होते आणि दोष मात्र तिच्या आधीच्या फाइलमध्ये असतो. अर्धवट सोडलेली कॉमेंटही असाच गोंधळ घालते. जोडण्याआधी प्रत्येक फाइल लिंटरमधून, म्हणजे चुका तपासणाऱ्या साधनातून, काढा. स्टाईललिंट हे काम उत्तम करतं.

आणि शेवटचं, अ‍ॅट-इम्पोर्टची ओळ बाकीच्या नियमांच्या आधी असेल तरच ब्राउझर ती मानतो. जोडणीत ती मध्येच कुठेतरी आली, तर तो काही न बोलता तिच्याकडे दुर्लक्ष करतो. फॉन्ट अचानक साधा दिसू लागला, तर आधी इथेच बघा.

हाताने कॉपी-पेस्ट करून एकच फाइल बनवली तर चालेल?

एकदाच करायचं असेल तर चालेल, पण पुढच्या बदलाच्या वेळी त्याचा त्रास होतो. लिहिताना फाइल्स हव्या तेवढ्या ठेवा. हेडर, फॉर्म, तक्ते, सगळं वेगळं असलं की शोधायला आणि दुरुस्त करायला सोपं जातं. जोडण्याचं काम साधनावर सोडा. सॅस, व्हीट, ईएसबिल्ड, लाइटनिंग सीएसएस, यातलं जे तुमच्या कामात आधीच असेल ते घ्या. नुसत्या सीएसएस जोडणीसाठी नवीन अवजड साधन आणू नका. सोर्स मॅप चालू ठेवले की एकत्रित फाइलमधला नियम मूळ कुठल्या फाइलमधून आला ते डेव्हलपर टूल्समध्ये दिसतं.

मिनिफाय करणं आणि कॉम्प्रेस करणं एकच का?

नाही. मिनिफाय म्हणजे फाइलमधल्या मोकळ्या जागा, कॉमेंट आणि फालतू अक्षरं कायमची काढून टाकणं. कॉम्प्रेशन सर्व्हर करतो आणि ब्राउझर ते उलगडतो. दोन्ही करावीत, पण त्यात कॉम्प्रेशनचा वाटा मोठा असतो. ते चालू आहे का हे फाइलच्या रिस्पॉन्स हेडरमधल्या 'कन्टेन्ट-एन्कोडिंग' या ओळीवरून कळतं. तिथे जीझिप किंवा ब्रॉटलीचं नाव नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते चालू करा.

सगळं सीएसएस एचटीएमएलमध्येच लिहिलं, तर फाइल उरणारच नाही. तसं का करू नये?

लहानशा एकपानी साइटसाठी हा खरंच चांगला उपाय आहे. सीएसएस थोडकं आहे, वाचक एकच पान बघून जातो, मग वेगळ्या फाइलची फेरी कशाला?

अनेक पानांच्या साइटवर मात्र तेच नियम प्रत्येक पानाबरोबर पुन्हा पुन्हा उतरतात, कॅशचा फायदा शून्य. तिथे मधला मार्ग काढतात: पान उघडताच दिसणाऱ्या भागाला लागणारे नियम, ज्याला क्रिटिकल सीएसएस म्हणतात, ते एचटीएमएलमध्ये ठेवायचे आणि उरलेली फाइल न अडवता मागाहून आणायची. इथे १४ किलोबाइट हा आकडा वारंवार ऐकू येतो, तो टीसीपीच्या सुरुवातीच्या मर्यादेतून आला आहे. नव्या कनेक्शनवर सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण १० पॅकेट पाठवतो, एका पॅकेटमध्ये सुमारे १४६० बाइट, म्हणजे जवळपास १४ किलोबाइट. कॉम्प्रेस केलेलं एचटीएमएल आणि त्यातलं क्रिटिकल सीएसएस मिळून एवढ्यात बसलं, तर पहिल्याच फेरीत पान रंगवता येतं.

उरलेली फाइल मागाहून आणण्यासाठी लोक लिंक टॅगला मीडिया म्हणून 'प्रिंट' देतात आणि लोड झाल्यावर ते 'ऑल' करतात. ब्राउझर प्रिंटची फाइल मागवतो, पण तिच्यासाठी अडून राहत नाही. युक्ती काम करते. धोका असा की क्रिटिकल भाग नीट निवडला नाही, तर उरलेलं सीएसएस आल्यावर मजकूर जागचा हलतो, आणि वाचता वाचता ओळ निसटली की वाचक वैतागतो. त्यातून साइटवर कडक कन्टेन्ट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर काय चालू द्यायचं याचे सुरक्षा नियम) लावलेली असेल, तर एचटीएमएलमधल्या स्टाईलना वेगळी परवानगी द्यावी लागते.

माझं स्पष्ट मत: ज्या साइटची देखभाल एकटा माणूस करतो तिथे क्रिटिकल सीएसएसच्या वाटेला सगळ्यात शेवटी जावं. कॉम्प्रेस केल्यावर तुमची पूर्ण स्टाईलशीट १५-२० किलोबाइटच्या घरात असेल, तर या खटाटोपातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा डिझाइन बदलताना होणारा मनस्ताप मोठा असतो.

प्रिंटसाठी आणि मोठ्या पडद्यासाठी वेगळ्या फाइल्स ठेवल्या तर त्या उतरत नाहीत ना?

उतरतात. मीडिया अट लागू नसली तरी ब्राउझर फाइल मागवतोच, फक्त कमी प्राधान्याने आणि रंगवणं न अडवता. त्यामुळे प्रिंटचे नियम वेगळ्या फाइलमध्ये आणि योग्य मीडिया देऊन ठेवणं फायद्याचंच आहे. जिथे फाइल वाढवल्याने वेग वाढतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

वर्डप्रेसमध्ये प्रत्येक प्लगिन स्वतःची स्टाईलशीट आणतं. त्याचं काय करायचं?

संपर्क फॉर्म फक्त एका पानावर असतो, पण अनेक प्लगिन आपली स्टाईलशीट साइटच्या पानापानावर टाकतात. आधी प्लगिनच्या सेटिंगमध्ये 'फक्त गरजेच्या पानावर लोड करा' अशी सोय आहे का बघा. नसेल तर चाइल्ड थीमच्या फंक्शन्स फाइलमधून, ठरावीक पानं सोडून इतर ठिकाणी ती स्टाईलशीट रांगेतून काढता येते. वर्डप्रेसने त्यासाठी डीक्यू करण्याचं फंक्शन दिलेलं आहे. प्लगिनने फाइल रांगेत लावल्यानंतर ते चालायला हवं, म्हणून त्याचा अग्रक्रमांक मोठा ठेवा.

ब्लॉकच्या स्टाईल बाबतीत वर्डप्रेसने स्वतःच सुधारणा केली आहे. २०२१ मधल्या ५.८ आवृत्तीपासून ब्लॉक थीममध्ये पानावर वापरलेल्या ब्लॉकपुरत्याच स्टाईल येतात, जुन्या धाटणीच्या थीममध्ये ते फिल्टरने चालू करता येतं.

ऑटोऑप्टिमाइझ, लाइटस्पीड कॅश यांसारखी प्लगिनं एका टिकमार्कवर सगळ्या फाइल्स जोडून देतात. वापरा, पण एकच वापरा. दोन प्लगिनं आणि वरून सीडीएन (फाइल्स वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवरून पुरवणारी सेवा), असे तिघे एकाच फाइलला मिनिफाय करायला लागले की जे मोडतं ते कोणी मोडलं हे शोधण्यात दिवस जातो. आणखी एक: प्रत्येक पानावर वेगवेगळ्या स्टाईलशीट असतील, तर असं प्लगिन प्रत्येक पानासाठी वेगळी एकत्रित फाइल बनवतं. मग वाचक दुसऱ्या पानावर गेला की कॅशमधलं काहीच कामाला येत नाही. दोन-तीन पानं एकामागोमाग उघडून एकत्रित फाइलचं नाव तेच राहतं का हे तपासा.

फॉन्टची किंवा लायब्ररीची स्टाईलशीट सार्वजनिक सीडीएनवरून घेतली तर ती वाचकाच्या कॅशमध्ये आधीच असेल ना?

पूर्वी हे खरं होतं. आता ब्राउझर प्रत्येक साइटचा कॅश वेगळा ठेवतात. सफारीने हे आधीच केलं होतं, क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये. दुसऱ्या साइटवर उतरलेली तीच फाइल तुमच्या साइटसाठी पुन्हा उतरते. उरतो तो फक्त नव्या डोमेनशी कनेक्शन जोडण्याचा खर्च.

गूगल फॉन्टमध्ये तर स्टाईलशीट एका डोमेनवर आणि फॉन्टच्या फाइल्स दुसऱ्यावर असतात, म्हणजे तो खर्च दोनदा. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवा, त्यांचे नियम मुख्य स्टाईलशीटमध्ये घ्या आणि फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप' ठेवा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर लपून राहणार नाही. ते जमत नसेल, तर निदान दोन्ही डोमेनसाठी एचटीएमएलमध्ये प्रीकनेक्टची, म्हणजे कनेक्शन आधीच जोडून ठेवण्याची, सूचना द्या.

फाइल बदलली तरी वाचकांना जुनंच डिझाइन दिसतं. कॅश बंद करू का?

नको. कॅश वर्षभराचा ठेवा आणि फाइलचं नाव बदला. बिल्ड साधनं फाइलच्या मजकुरावरून हॅश, म्हणजे खुणेची अक्षरं, काढून तो नावात घालतात. मजकूर बदलला की नाव बदलतं, नाव बदललं की ब्राउझर नवी फाइल आणतो. एचटीएमएलचा कॅश मात्र अगदी थोडा ठेवा, नाहीतर जुनं एचटीएमएल जुन्याच नावाची फाइल मागत राहील. नवीन फाइल चढवल्यावर जुनी लगेच पुसू नका, कोणाच्या तरी उघड्या टॅबला ती अजून लागत असते.

फरक पडला की नाही हे कसं मोजायचं?

बदलाआधी आकडे लिहून ठेवा, नाहीतर नंतर फक्त 'जरा बरं वाटतंय' एवढंच हाती उरतं. वेग तपासणारं लाइटहाउस हे साधन प्रत्येक वेळी थोडा वेगळा आकडा देतं, म्हणून सारख्याच परिस्थितीत पाच वेळा चालवून मधला आकडा घ्या. शंभरपैकी मिळणाऱ्या गुणांपेक्षा 'फर्स्ट कन्टेन्टफुल पेंट', म्हणजे पहिला मजकूर दिसेपर्यंतचा वेळ, बघा, कारण स्टाईलशीटचा थेट परिणाम तिथे दिसतो. १.८ सेकंदांच्या आत असेल तर चांगला मानतात. मुख्य मजकूर किंवा मोठं चित्र दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत हवा.

प्रत्यक्ष वाचकांचे आकडे गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये वरच्या भागात येतात, पण ते मागच्या २८ दिवसांचे असतात. आज केलेला बदल उद्या तिथे दिसणार नाही. आणि सगळे बदल एकाच दिवशी करू नका. फाइल्स काढल्या, मोजलं, साखळी तोडली, पुन्हा मोजलं, असं गेलात तर कशाने काय झालं ते कळतं.

हे सगळं केलं, तरी पान उशिराच उघडतं. आता काय?

नेटवर्क टॅबमधल्या पहिल्याच ओळीकडे, म्हणजे खुद्द एचटीएमएलकडे बघा. सर्व्हरचा पहिला बाइट यायलाच दीड-दोन सेकंद लागत असतील, तर सीएसएसवर केलेली सगळी मेहनत त्याच्यानंतर सुरू होते. हा वेळ ८०० मिलिसेकंदांच्या आत आणायचा, तो पान सर्व्हरवर कॅश करून किंवा होस्टिंग बदलून. तिथे ठीक असेल आणि मजकूर लवकर दिसत असूनही वरचं मोठं चित्र उशिरा येत असेल, तर चित्राचा आकार बघा, आणि त्याला चुकून लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच चित्र आणणं) लावलेलं नाही ना ते तपासा. पान दिसतं पण बोट लावल्यावर हलत नाही असं असेल, तर शोध जावास्क्रिप्टमध्ये घ्यावा लागेल. परफॉर्मन्स टॅबमध्ये रेकॉर्डिंग करून ५० मिलिसेकंदांपेक्षा लांब चाललेली कामं कोणत्या स्क्रिप्टची आहेत ते आधी पाहा.